फिरते चक्र आणि तेरजेची शिस्त



मागील लेखात बँक खात्यांतील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर पेण व रोहा येथील काही वाचकांनी पत्राने आणि दूरध्वनीने वेगळाच विषय सुचविला. घरातील टीव्हीवर इंटरनेटद्वारे प्रवचन, स्तवन किंवा एखादी मालिका लावावी, तर मध्येच चित्र थांबते आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहते. अशा वेळी काय करावे? विषय वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु गुडघेदुखीमुळे उपाश्रयाची पायरी चढू न शकणाऱ्या वृद्धांसाठी तो क्षुल्लक नाही. शिवाय या फिरत्या चक्रामागून थेट बँक खात्यापर्यंत पोहोचणारी एक वाट आहे. म्हणूनच हा विषय या सदराच्या कक्षेत येतो.

व्यापारी घरात तेरीज हा शब्द नवा नाही. तेरीज जुळली नाही तर जाणता मुनीम घाबरत नाही, फरकाची रक्कम उचंत खात्यात ढकलून मोकळाही होत नाही. तो बेरजा तपासतो, मग खतावणी, मग रोजकीर्द, आणि शेवटी मूळ पावती. क्रमाने मागे गेले की चूक सापडते. टीव्हीच्या बिघाडालाही हीच रीत लागू पडते. बिघाड दिसतो पडद्यावर. असतो मात्र बहुधा अन्यत्र.

पहिला प्रश्न: बिघाड कोठे आहे?

एक अॅप अडले, तर त्याच टीव्हीवर दुसरे अॅप उघडून पाहावे. दुसरे नीट चालत असेल, तर इंटरनेट व टीव्ही दोन्ही ठीक आहेत. दोष त्या अॅपमध्ये किंवा त्या कंपनीच्या बाजूला आहे. दोन्ही अडत असतील, तर मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून तोच मोबाइल घरातील वाय-फायवर चालवून पाहावा. मोबाइलवर चित्र सुरळीत दिसले, तर दोष टीव्हीत किंवा टीव्हीपर्यंत पोहोचणाऱ्या लहरींत. मोबाइलही अडला, तर दोष जोडणीत. एवढ्या दोन तपासण्यांत निम्मे काम होते.

यानंतर राउटरच्या दिव्यांकडे पाहावे. फायबरच्या जोडणीत ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा तांबडा झाला असेल, तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत येतच नाही. राउटरच्या मागची बारीक तार निघालेली किंवा तीव्र वाकलेली नाही एवढे पाहावे. तसे नसेल, तर दहा वेळा यंत्र बंद-चालू करून उपयोग नाही. तार बाहेर कोठेतरी तुटलेली असते. आपल्या भागात पावसाळ्यात झाडे पडतात, रस्त्याचे खोदकाम चालू असते आणि तारा तुटतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्याच्या दक्षिण भागात वीज आणि मोबाइल सेवा कित्येक दिवस बंद होती, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. अशा वेळी मासिक बिलावर छापलेल्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि शांत बसावे.

तांबडा दिवा नसेल, तर राउटर भिंतीवरील बटणापासून बंद करून एक मिनिटाने सुरू करावा. टीव्हीही रिमोटने नव्हे, तर मुख्य बटणापासूनच बंद करावा. रिमोटने बंद केलेला टीव्ही केवळ डुलकी घेत असतो. त्याची स्मरणशक्ती मोकळी होत नाही. आधी राउटर, तो पूर्ण सुरू झाल्यावर टीव्ही, हा क्रम पाळावा.

दुकान खाली, घर वर

आपल्या बाजारपेठेतील जुनी घरे दर्शनी बाजूला अरुंद आणि आत खोलवर गेलेली असतात. खाली पेढी, वर किंवा मागे घर. इंटरनेटची जोडणी घेतली जाते ती बिलिंग, यूपीआय आणि कॅमेऱ्यांसाठी. म्हणून राउटर गल्ल्याजवळ बसतो आणि टीव्ही मात्र माडीवर मागच्या खोलीत. मधल्या जाड भिंती, लोखंडी कपाटे व धान्याची थप्पी लहरी अडवितात. राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी देतो: २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर व भिंतीपलीकडे अधिक पोहोचतात, परंतु वेग कमी; ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान, परंतु भिंतीपुढे दुबळ्या. लांबच्या खोलीतील टीव्ही पहिल्या प्रकारावर जोडून पाहावा. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत साधी लॅन तार ओढणे. ती शंभर मीटरपर्यंत चालते. आपल्या कोणत्याही घराला ती पुरेशी आहे.

आता वेगाचा हिशेब. नेटफ्लिक्स ही कंपनी उत्तम स्पष्ट चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि ‘फोर के’ दर्जासाठी १५ मेगाबिट वेगाची शिफारस करते. साध्या योजनेतही कागदोपत्री यापेक्षा अधिक वेग मिळतो. मग अडते कोठे? एकाच जोडणीवर दुकानाचे कॅमेरे चित्रण बाहेर पाठवीत असतात, मुलांचे मोबाइल छायाचित्रे साठवीत असतात आणि २० तारीख असेल तर कोणीतरी जीएसटीचे विवरणपत्र भरत असते. अशा वेळी चित्राचा दर्जा ‘४८०’ वर आणावा. प्रवचन ऐकण्यासाठी याहून अधिक स्पष्टतेची गरज नसते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत देशातील जाळ्यांवर ताण आला, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी मोबाइल जाळ्यावरील चित्राचा दर्जा स्वतःहून ४८० पर्यंत खाली आणला होता. जे देशाने केले, ते घराने करण्यात कमीपणा नाही.

ज्यांच्याकडे फायबर नाही आणि जे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही पाहतात, त्यांनी दुसरा आकडा लक्षात ठेवावा. स्पष्ट चित्राचा एक तास ३ जीबीपर्यंत डेटा खातो. दिवसाला दीड-दोन जीबीची योजना असेल, तर तास पुरा होण्याआधीच कोटा संपतो आणि वेग इतका उतरतो की चित्र चालणे अशक्य. तो बिघाड नव्हे. शिल्लक संपली एवढाच त्याचा अर्थ.

पुष्कळांचा एक प्रश्न असा की, थेट प्रक्षेपण वारंवार अडते, पण तेच प्रवचन सायंकाळी विनाव्यत्यय दिसते, असे का? नळाला पाणी ठरावीक वेळी येते म्हणून आपण गच्चीवर टाकी बसवितो. टीव्हीही पुढील काही क्षणांचे चित्र आधीच आणून अशा टाकीत साठवितो. त्यामुळे मध्ये धार बारीक झाली तरी चित्र चालू राहते. थेट प्रक्षेपणात पुढचे चित्र अजून घडायचेच असते, म्हणून टाकी लहानच राहते. चातुर्मास आणि पावसाळा एकत्र येतात. तेव्हा वृद्धांसाठी थेट प्रक्षेपणाचा आग्रह न धरता दोन तासांनी ध्वनिचित्रफीत लावावी. मनाची चलबिचल टळते.

टीव्ही आणि खाते

जोडणी ठीक असूनही अॅप उघडत नसेल, तर टीव्हीवरील दिनांक व वेळ पाहावी. ती चुकलेली असेल तर सुरक्षेची पडताळणी अपयशी ठरते आणि अॅप नकार देते. टीव्हीची साठवण भरली असेल तर न वापरलेली अॅप्स काढावीत आणि उरलेली अद्ययावत करावीत. फार जुन्या टीव्हीसाठी कंपन्या अॅप देणेच बंद करतात. तेव्हा नवा टीव्ही घेण्याऐवजी एचडीएमआयमध्ये बसणारी छोटी स्टिक पुरते. टीव्हीतून कोणीतरी प्रत्येक दृश्याचे वर्णन करीत असेल, तर ते बिघडलेले नाही. दृष्टिहीनांसाठीचा वर्णनात्मक ध्वनी चुकून निवडला गेला आहे. भाषेच्या यादीतून मूळ ध्वनी निवडावा.

मुलगा मुंबईत किंवा पुण्यात, आई-वडील रोह्यात आणि खाते एकच, ही आपल्याकडील सर्रास पद्धत. नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ पासून भारतात ‘एक खाते, एक घर’ हा नियम लागू केला. त्यामुळे गावाकडील टीव्हीवर नकाराची सूचना आली तर टीव्ही खोलून पाहू नये, मुलाला विचारावे.

वर्गणी आपोआप भरली न गेल्यामुळेही सेवा थांबते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्ड किंवा यूपीआयवरून होणाऱ्या अशा आवर्ती कपातीची सूचना किमान २४ तास आधी देणे बंधनकारक झाले, आणि त्याच सूचनेतून ती रद्द करण्याची सोयही असते. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीस दरवेळी ओटीपी लागत नाही. तात्पर्य, तो लघुसंदेश हीच आपली संमतीची शेवटची संधी. तो न वाचता पुसू नये. आपल्या यूपीआय अॅपमधील ‘ऑटोपे’ हा विभाग आजच उघडून पाहावा. विसरलेल्या एक-दोन वर्गण्या तेथे हमखास भेटतील.

खरा धोका

आता मूळ मुद्दा. चित्र थांबले की उतावळा माणूस गुगलवर त्या कंपनीच्या ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतो. ठग नेमके तेथेच टपलेले असतात. त्यांनी खोटे क्रमांक पसरविलेले असतात. पलीकडून गोड आवाजात सांगितले जाते, “काका, टीव्हीचे सक्रियकरण संपले आहे, दहा रुपये भरा” किंवा “हे छोटे अॅप घ्या, मी येथूनच दुरुस्त करून देतो.” ते छोटे अॅप म्हणजे दुसऱ्याच्या हाती आपल्या मोबाइलचा पडदा देणारे साधन. ओटीपी आला की तो त्यालाही दिसतो. ही अॅप्स मुळात संगणक दुरुस्तीसाठी बनविलेली वैध साधने आहेत. पण त्यांच्या अशा गैरवापराविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

येथे बँकेच्या नियमाची एक कठोर बाजू माहीत असावी. जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या दायित्वाची मर्यादा ठरविली. दोष ग्राहकाचा नाही, बँकेचाही नाही, अशा फसवणुकीची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाचे दायित्व शून्य. परंतु ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. कळविल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. म्हणजे संकोचामुळे दवडलेला प्रत्येक तास पैशांत मोजला जातो. “मुले काय म्हणतील” या भीतीने वडीलधारे गप्प बसतात आणि तेवढ्यात खाते रिकामे होते. घरातील तरुणांना हात जोडून सांगणे आहे की, अशा प्रसंगी आधी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा. रागावणे, बोल लावणे यांना नंतर पुष्कळ वेळ आहे. खरे तर त्यांची गरजच नाही.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी थोड्याच. ग्राहक सेवेचा क्रमांक बिलावरून किंवा अॅपमधील ‘मदत’ विभागातूनच घ्यावा. टीव्हीवर दिसणारा सांकेतिक अंक मोबाइलवर भरून खाते जोडण्यास यूट्यूब कोणतेही शुल्क घेत नाही. कोणी मागितले तर तो ठग समजावा. आणि पैसे मिळविण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठी असतो.

शेवटी एक सूचना. श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहाचे परिमाण ठरविण्यास स्थान आहे. ते वर्गण्यांनाही लागू करता येईल. वहीचे एक पान घ्यावे: सेवेचे नाव, वर्गणी, कपातीची तारीख, कोणाच्या कार्डावरून, आणि गेल्या महिन्यात ती किती वेळा पाहिली. शेवटच्या रकान्यात शून्य असेल ती सेवा बंद करावी. त्याच पानाच्या मागे इंटरनेट कंपनीचा क्रमांक, बँकेचा क्रमांक आणि १९३० मोठ्या अक्षरांत लिहून ते पान टीव्हीशेजारी लावावे. घरातील आजोबा-आजींना ते चष्म्याविना वाचता आले पाहिजे, एवढे मात्र पाहावे.

जय जिनेंद्र.