उपवासाने गाठ विरत नाही

‘उपवास करा, उपाशी शरीर कर्करोगाच्या पेशी स्वतःच खाऊन टाकते, याच शोधाला नोबेल मिळाले आहे,’ असा सल्ला अलीकडे सर्रास दिला जातो. यातले नोबेल खरे आहे. बाकीचा सल्ला मात्र स्तनात गाठ असलेल्या एखाद्या भगिनीच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून त्याचा खुलासा करणे आवश्यक आहे.

आपल्या शरीरातील पेशी स्वतःचे झिजलेले, बिघडलेले भाग एका सूक्ष्म पिशवीत गुंडाळते, ते पचवते आणि मिळालेला माल पुन्हा वापरते. या क्रियेला ‘ऑटोफॅजी’ म्हणजे स्वभक्षण म्हणतात. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टवर प्रयोग करून या क्रियेमागची जनुके शोधली. त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते त्याबद्दल. उपवासाने कर्करोग बरा केल्याबद्दल नव्हे.

ही क्रिया केव्हा सुरू व्हावी, हे पेशीतील निरोप पोहोचवणारी प्रथिने ठरवतात. अन्न भरपूर असले की ‘एमटॉर’ हे प्रथिन स्वभक्षणाला लगाम घालते. ऊर्जा घटली की ‘एएमपीके’ जागे होते आणि तो लगाम सैल करते. पिशवी तयार होण्यास ‘बेक्लिन-१’ लागते. अमेरिकेतील बेथ लेव्हिन यांच्या गटाने १९९९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत बेक्लिन-१ वाढवले, तेव्हा स्वभक्षण वाढले आणि त्या पेशींची उंदरांत गाठ धरण्याची ताकद घटली.

एवढे वाचून उपवासाची बाजू बळकट वाटेल. परंतु गाठ एकदा तयार झाली की चित्र बदलते. गाठीच्या आतल्या भागाला रक्त अपुरे मिळते. तेथे हेच स्वभक्षण कर्करोगाच्या पेशीला शिदोरी पुरवते, औषधांचा मारा सोसण्याचे बळही देते. म्हणूनच काही शास्त्रज्ञ ही क्रिया वाढवण्याऐवजी रोखण्याच्या औषधांची चाचणी घेत आहेत. शिवाय स्तनाच्या अनेक कर्करोगांत ‘पीआय३के’ हे प्रथिन बिघडलेले असते. ते ‘वाढा’ असा हुकूम सतत सोडत राहते, मग पोटात अन्न असो वा नसो. अशा गाठी कमी आहाराला दाद देत नाहीत, असे २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

थोडक्यात, जे हत्यार रोगाविरुद्ध चालते तेच रोगाच्याही हाती पडू शकते. ते कोणाच्या हाती आहे, हे घरबसल्या कळत नाही. एकादशी श्रद्धेने जरूर करावी. पण तिला औषध समजू नये. उपचार चालू असताना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार तोडू नये. त्या काळात अंगात ताकद राहणे फार गरजेचे असते.

खरा लाभ वेळेवर तपासणीत आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठराविक काळाने केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा भगिनींनो, गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली किंवा बोंडातून रक्त आले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.