आयुक्त नेमके कोणाचे?

माहिती आयुक्ताच्या खुर्चीत बसायचे तर आधी सनदी सेवेतून निवृत्त व्हावे लागते, असा समज शासनकर्त्यांनी रूढ केला आहे. कायद्यात अशी अट नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम १५ वाचावे. कायदा, विज्ञान-तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, प्रसारमाध्यमे आणि प्रशासन अशा क्षेत्रांतील नामवंत व्यक्ती त्याला अभिप्रेत आहेत. कायद्याच्या यादीत प्रशासन शेवटी येते, नेमणुकीत मात्र पहिले! राज्याचे पहिले मुख्य माहिती आयुक्त डॉ. सुरेश जोशी सनदी सेवेतले. केंद्राचे वजाहत हबीबुल्ला हेही तिथलेच. पुढे त्या पायवाटेचा हमरस्ता झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अंजली भारद्वाज खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयालाही या एकसुरीपणावर बोट ठेवावे लागले.

यावरचे ठरीव उत्तर आम्हांस ठाऊक आहे: फायलींचे अंतरंग प्रशासकालाच कळते. कळते, हे खरे. पण फाईल का सापडत नाही याची सबबही त्यालाच आधी कळते, आणि पटतेही. समोर उभा असलेला जनमाहिती अधिकारी हा ज्याच्या कालच्या बिरादरीतला, त्याचा हात दंडाकडे सहजी जाईल काय? दंड तरी केवढा? दिवसाला २५० रुपये, फार तर २५,०००. शैलेश गांधी हे मुंबईचे अभियंता-उद्योजक. २००८ ते २०१२ या काळात केंद्रीय माहिती आयुक्त असताना त्यांनी सुमारे २०,००० प्रकरणे निकाली काढली. फायलींच्या अंतरंगाचे ज्ञान नसल्यामुळे त्यांचे काही अडले असे दिसत नाही.

हा वाद विद्वज्जनांपुरता नाही. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत एक इमारत कोसळली आणि नऊ जणांचा बळी गेला. आपली इमारत धोकादायक यादीत आहे का, असल्यास पालिकेने पुढे काय केले, हे प्रश्न या भागात जिवाचे आहेत. कल्याण-डोंबिवलीत खोट्या परवानग्यांवर महारेराची नोंदणी मिळवणाऱ्या ६५ इमारतींचे प्रकरण एका वास्तुविशारदाने माहिती अधिकारात कागद मिळवून उघडकीस आणले. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा घरे घेऊन बसलेल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हे कागद घर घेण्यापूर्वीच हाती असते तर? ठाकुर्लीच्या रहिवाशाला तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही, पहिले अपीलही वाया गेले, की नव्वद दिवसांत दुसरे अपील कोकण खंडपीठाकडे, म्हणजे ठाण्याला गाडी बदलून बेलापूरला! तिथे तारीख लागेपर्यंत इमारतीने थांबावे, अशी व्यवस्थेची अपेक्षा असावी.

आयुक्त निवडणारे तिघे: मुख्यमंत्री, त्यांनीच नेमलेला एक मंत्री आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेता. दोघे सरकारचे, म्हणजे निकाल आधीच लागलेला. त्यातच २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. पाच वर्षांची मुदत तीनवर आली. उमेदवार कोण होते, कोणत्या निकषावर गाळले गेले, हे जाहीर करावे असे न्यायालयाने सांगितले आहे. माहितीच्या पहारेकऱ्याची निवड तरी झाकून होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

लोकायुक्ताचे दुखणे उलट आहे. तिथे माणूस न्यायसंस्थेतला येतो, पण हात बांधलेले. स्वीडनने १८०९ मध्ये घडवलेल्या कल्पनेचे आपण १९७१ मध्ये कायद्यात रूपांतर केले आणि देशात आधी लोकायुक्त नेमल्याची प्रौढी मिरवली. अधिकार मात्र शिफारशीपुरता ठेवला. नवे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये, विधान परिषदेने त्यानंतर वर्षाने मंजूर केले. त्यात मुख्यमंत्रीही चौकशीच्या कक्षेत येतात. फक्त त्याआधी विधानसभेच्या दोनतृतीयांश सदस्यांची संमती घ्यावी लागते.