मजुरी शून्य

मंडळी, गेल्या दिवाळी अंकात याच सदरात मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की पुढच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आमची १९६७ सालची मॉरिस मायनर घेऊन येईन आणि मुलांना हॉलच्या आवारात एकेक चक्कर मारून आणीन. आधीच सांगून टाकतो, यंदाही आम्ही टोयोटानेच येणार आहोत. मायनर गॅरेजात आहे, पुढची चाकं काढून स्टँडवर उभी. फोनवर चौकशी करणाऱ्यांना आमची ही सांगते, "गाडी ना? ती अजून ॲडमिट आहे."

हे खूळ माझ्या डोक्यात टीव्हीने घातलं. तुमच्यापैकी बरेच जण 'व्हीलर डीलर्स' बघत असतील. २००३ साली सुरू झालेला कार्यक्रम. माइक ब्रूअर घासाघीस करून जुनी गाडी घ्यायचा, ताडमाड उंच एड चायना नारिंगी हातमोजे घालून ती दुरुस्त करायचा, आणि जाहिरातींसकट तासाभरात गाडी नव्या मालकाच्या हाती जायची. शेवटी हिशोब: गाडी इतक्याला घेतली, सामानाला इतके गेले, इतक्याला विकली, नफा इतका. हस्तांदोलन, संपलं. हा हिशोब मी वर्षानुवर्षं बघितला आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नाही, की त्यात एडच्या मजुरीचा आकडाच नसतो. कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे दिसू नये!

तर २०१९ साली, 'एक उन्हाळा लागेल' असा अंदाज बांधून, मी १,४०० पौंडांना मायनर आणली. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. बापलेक मिळून करू, असा बेत. मायनरच का, तर आमच्या कोल्हापूरच्या घरी ॲम्बॅसडर होती. ॲम्बॅसडर म्हणजे इथल्या काउलीच्या मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती, जी बंगालमध्ये उत्तरपाऱ्याला २०१४ पर्यंत निघत राहिली. मायनर ही त्याच घरची धाकटी बहीण. ॲलेक इसिगोनिसने आखलेली, १९४८ मध्ये आलेली, सोळा लाखांच्या वर खपलेली. एवढ्या खपलेल्या गाडीचे सुटे भाग आजही सहज मिळतात, हे खरंच आहे. भाग मिळणं ही अडचण कधीच नव्हती.

अडचण बोल्टची होती. टीव्हीवर गंजलेला बोल्ट असा असतो: एड म्हणतो, हा जरा हट्टी दिसतोय. गॅसची ज्योत. पुढच्या दृश्यात बोल्ट त्याच्या हातात. माझ्या मागच्या पाट्याच्या एका बोल्टला तीन वीकेंड लागले. पहिल्या शनिवारी तेल सोडून ठेवलं. रविवारी पुन्हा तेल. पुढच्या शनिवारी तापवला, पाना लावला, तर डोकंच तुटून हातात आलं. मग भोक पाडायला घेतलं, तर ड्रिलचं टोक आत मोडून बसलं. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी तो निघाला, आणि निघाल्यावर कळलं, की ज्या पत्र्यात तो बसला होता तो पत्राच कुजलाय. जमिनीच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तो आरपार गेला. दारांखालच्या पट्ट्यांमध्ये आधीच्या कुणा बहाद्दराने वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून पुटी मारून रंग दिला होता. गंजाचं असंच असतं, एक भोक बुजवायला जावं तर त्यामागे तीन.

टीव्हीवाले खोटं दाखवतात असं मी म्हणणार नाही. वेल्डिंगची प्रत्येक ठिणगी खरी असते. पण तेल सोडून वाट बघण्याचा आठवडा, चुकीचा भाग आला म्हणून परत पाठवण्याचे दहा दिवस, जानेवारीत बोटं गोठतात म्हणून लागलेलं कुलूप, हे दाखवणार कसं आणि बघणार कोण? २०१७ च्या मार्चमध्ये एड चायनाने कार्यक्रम सोडला, तेव्हा यूट्यूबवर त्याने कारण सांगितलं, की गॅरेजातल्या दुरुस्तीचा तपशीलवार भाग नव्या निर्मात्यांना चित्रित करायला फार अवघड वाटतो आणि तो कमी करायचं चाललंय. म्हणजे जे थोडंफार काम दिसत होतं, तेही जास्त झालं. अमेरिकेतल्या 'ओव्हरहॉलिन'बद्दल तर बोलायलाच नको. तिथे काहीतरी थाप मारून गाडी मालकाच्या नकळत पळवायची आणि कारागिरांची फौज लावून आठवडाभरात नवी कोरी करून समोर उभी करायची. आमच्या घरात चालतो तो 'कार एसओएस'. ही दर वेळी शेवटी रडते. त्यातलं एक मला मनापासून पटतं. तिथे येणारी बहुतेक गाडी कुणाची तरी अर्ध्यावर राहिलेली असते. मालक आजारी पडला, पैसे संपले, घरात कुणी गेलं. अशी गाडी कशी राहते, हे निदान ते सांगतात.

माझी तशी कुठलीच सबब नाही. मुलगा आता विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. गाडीचा फोटो पाठवला, की व्हॉट्सॲपवर अंगठा येतो.

सवयीने मी वहीत तास लिहीत गेलो. या ऑगस्टपर्यंत १,१२६ भरले. इथल्या एका गॅरेजवाल्याने मला जुन्या गाडीच्या कामाचे तासाला ६० पौंड सांगितले होते. त्या दराने माझी मजुरी ६७,५६० पौंड होते. गाडी पूर्ण झाली तर सात-आठ हजारांना जाईल. हा आकडा हिला दाखवला, तर म्हणाली, "अहो, त्यात माझ्या चहाचे धरलेत का?"

हसलो. पण त्या रात्री मला अण्णा आठवले.

कोल्हापुरात आमची ॲम्बॅसडर उद्यमनगरजवळच्या एका मिस्त्रींकडे जायची. बाजारात भाग मिळाला नाही, तर ते शेजारी लेथवर बुश काढून आणत. अण्णा सामानाचं बिल मुकाट्याने देत. मजुरीला मात्र दर वेळी घासाघीस. १९८४ साली ताईच्या लग्नाच्या तोंडावर गिअरबॉक्स बिघडला. मिस्त्रींनी दोन रात्री जागून तो उतरवला, खोलला, लावला. मी सोळा वर्षांचा, रात्री गाडीखाली बॅटरी धरून बसायचो. त्यांनी अडीचशे सांगितले. अण्णा म्हणाले, "नुसतं खोलून लावलंय. नवं काय घातलंय?" आणि दीडशे हातावर ठेवले. मिस्त्रींनी मोजले नाहीत. वडील किती हुशार, असं मला तेव्हा वाटलं होतं. मायनरचा गिअरबॉक्स उतरवून परत बसवायला मला एकोणीस दिवस लागले.

गेल्या डिसेंबरात कोल्हापूरला गेलो होतो. अण्णा जाऊन आता नऊ वर्षं झाली. मिस्त्री ऐंशीच्या पुढे आहेत, शेडमध्ये मुलगा गाड्यांचे एसी भरतो. बाहेर खुर्ची टाकून ते बसले होते. मला ओळखायला जरा वेळ लागला. मग चहा झाला. मी फोनवर त्यांना 'व्हीलर डीलर्स' लावून दिलं. त्यांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत बघितलं.

"मोजं घालून पान्याचा अंदाज कसा येतोय ह्याला?" मग थोड्या वेळाने, "बोल्ट सुटताना दावलाच न्हाई."

लग्नाच्या वेळच्या गिअरबॉक्सची मी आठवण काढली. गिअरबॉक्स त्यांना चांगला आठवत होता. "दुसरा गिअर पडायचा त्येचा." पैशांचं त्यांनी काही काढलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "मिस्त्री, तेव्हाचे शंभर राहिलेत आमच्याकडे." पाकीट काढताना माझा हात अवघडला होता. आता हे नको म्हणणार, मग आपण आग्रह करणार, असा प्रसंग मी मनात रंगवून गेलो होतो. त्यांनी सरळ हात पुढे केला, नोट घडी करून खिशात ठेवली आणि मुलाकडे बघून म्हणाले, "व्याजाचं इचार रं." दोघंही पोटभर हसले.

मग त्यांनी मायनरचं सगळं काढून घेतलं. पुढच्या चाकाचं काय झालंय, विचारलं. ट्रनियन झिजलाय, म्हटलं. त्याचे आटे गेले की चालत्या गाडीचं चाक आत दुमडतं, म्हणून घाई करत नाही. त्यांनी मान हलवली. ग्रीस वेळच्या वेळी मारलं असतं तर गेला नसता, म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू १९६७ पासून ती गाडी माझ्याकडेच होती.

"किती दिस झालं म्हनायचं काम चाललंय?"

"पाच वर्षं."

"हितं आणा की गाडी. चार दिसांत लावून देतो."

"मजुरी किती?"

"त्ये मागनं बघू."