पत्र गेलं जुन्या पत्त्यावर

गेले तीन आठवडे आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारची सीट रिकामी होती. बायको आणि लेक मागे, मी पुढे एकटा. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनने शेवटी विचारलंच, "साहेब, गाडी ओलाला लावली काय?"

हसलो आणि पुढे गेलो. पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नव्हती.

तर झालं असं. २०२४च्या दिवाळीत आम्ही सेकंडहँड एसयूव्ही घेतली. २०१३ची, डिझेल, ठाण्याच्या एका काकांची, मध्ये एक डीलर. (गाडीचं, कंपनीचं, डीलरचं नाव मुद्दाम सांगत नाही. ही एका कंपनीची गोष्ट नाहीच आहे.) एव्हरशाईन सिटीत राहून रोज लोकलने अंधेरी गाठणाऱ्या माणसाला एसयूव्ही कशाला, हा बाबांचा प्रश्न. त्यांना म्हटलं, पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर उंच गाडी बरी. हे अर्धसत्य होतं. उरलेलं अर्ध म्हणजे हौस!

आता आपण पडलो इंजिनियर, त्यामुळे तपासणी एकदम कडक. गोखिवऱ्याचा ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला. त्या दिवशी त्याच्याकडून जे शिकलो ते आधी सांगून टाकतो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

वसईत गाडीचे दोन शत्रू: मीठ आणि पाणी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरं. त्यामुळे वरून चकचकीत दिसणारी गाडी खालून गंजलेली असू शकते. लिफ्टवर चढवून खालची बाजू पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पाण्याचं तर विचारूच नका. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या आणि वसईत ठिकठिकाणी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. बाहेरचा पट्टा सगळे धुतात, पण आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहून जाते. मग स्टेपनी काढून तिच्या खालची जागा, कार्पेटच्या खालचा पत्रा, सीटच्या रुळांवरचा गंज.

त्यानंतर नेहमीची यादी. क्लच (रोज घोडबंदरला गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये रांगलेली गाडी असेल तर तो लवकर बोलायला लागतो), टर्बोचा धूर, इंजेक्टरचा आवाज, सस्पेन्शनचे बुश. मीटर मागे केलाय का हे ताडायला पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज. आणि एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल घेणार असाल तर आणखी एक. तिच्यात धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळावी लागते. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते घर एवढ्याच फेऱ्या मारल्या की फिल्टर तुंबतो. म्हणजे कमी चाललेली गाडी चांगली, हे आपलं जुनं गणित तिथे उलटं पडतं.

आमची गाडी या सगळ्यात पास झाली. पेढे वाटले. आरसीवर माझं नाव आणि एव्हरशाईनचा पत्ता आला. नंबर एमएच ०४चाच राहिला.

मग काही महिन्यांनी हॉर्न वाजेना म्हणून गाडी पहिल्यांदाच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने चॅसिस नंबर टाइप केला, स्क्रीनकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "सर, तुमचा एक रिकॉल पेंडिंग आहे. पॅसेंजर साइडची एअरबॅग. २०१९पासून."

त्या सीटवर बायको बसते. आणि कित्येकदा लेक तिच्या मांडीवर. (लहान मूल पुढे मांडीवर बसवणं चूकच, माहीत आहे. आता बंद केलंय.) आम्ही तुंगारेश्वरला गेलो, अर्नाळ्याला गेलो, एकदा थेट कोकणात गेलो, ते सगळं त्या एअरबॅगच्या समोर बसून.

ठाण्याच्या काकांना फोन केला. बिचारे प्रामाणिक माणूस. म्हणाले, "हो रे, एक पत्र आलं होतं खरं. मला वाटलं सर्व्हिसची जाहिरात असेल. ठेवलं कुठेतरी." पुढे म्हणाले, "काही भानगड नाही ना?"

भानगड काय आहे ते सांगतो. टाकाटा नावाची एक जपानी कंपनी जगभरच्या मोटार कंपन्यांना एअरबॅगचे इन्फ्लेटर पुरवायची. टक्कर झाल्यावर क्षणार्धात एअरबॅग फुगवायला त्यात अमोनियम नायट्रेट होतं. या रसायनाचा हाडवैरी म्हणजे दमट हवा आणि उष्णता. वर्षानुवर्षं गाडी तापते, निवते, ओल आत शिरते आणि ते रसायन हवं त्यापेक्षा जास्त जोरात जळायला लागतं. मग धातूचा डबा फुटतो आणि एअरबॅगबरोबर त्याचे तुकडे समोरच्या माणसाच्या अंगावर येतात. म्हणजे जी वस्तू वाचवायला बसवली तीच मारायला उठते. जगभरात माणसं मेली, कोट्यवधी इन्फ्लेटर परत मागवावे लागले (एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख), आणि जून २०१७मध्ये टाकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत दुरुस्तीचा पहिला मान उष्ण आणि दमट राज्यांना दिला गेला. आता वसईची हवा आठवा. पापडसुद्धा डब्याबाहेर तासभर कुरकुरीत राहत नाही!

आपल्याकडेही हे रिकॉल झाले. होंडाने जानेवारी २०१७मध्ये ४१,५८० गाड्या परत मागवल्या. फोर्डने जुलै २०१९मध्ये जुन्या एंडेव्हरच्या २२,६९० गाड्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरसाठी बोलावल्या. त्यातल्या सगळ्यात जुन्या गाड्या २००४च्या, म्हणजे रिकॉल निघाला तेव्हा पंधरा वर्षांच्या. इतक्या वर्षांत त्यातल्या कितीतरी गाड्यांचे मालक बदलले असणार. पुढे सप्टेंबर २०२१मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. रिकॉल फक्त जुन्या गाड्यांचे असतात असंही नाही. ऑगस्ट २०२३मध्ये महिंद्राने इंजिनच्या भागातल्या वायरिंगची घासाघीस तपासायला १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० बोलावल्या. सेकंडहँड बाजारात आज त्याही दिसतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. रिकॉल काढणारी कंपनी वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट. क्लच झिजणं, बुश जाणं हे वयाचे आजार, आणि रिकॉल म्हणजे जन्मजात दोष. जन्मजात दोष सापडला, तो कंपनीने कबूल केला आणि फुकट दुरुस्त करून द्यायला तयार झाली, तर तिच्या पाठीवर थाप मारायला हवी. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सगळ्यांच्याच कोडमध्ये असतात. पॅच काढतो तो शहाणा.

पण पॅच काढून भागत नाही, तो पोचावा लागतो. माझ्या गाडीचा पॅच २०१९मध्येच तयार होता. तो फक्त जुन्या पत्त्यावर गेला.

आणि राग येतो तो इथे. कारण नवा पत्ता कुणालाच माहीत नव्हता असं नाही! सरकारच्या 'वाहन' डेटाबेसमध्ये माझं नाव आहे, पत्ता आहे, मोबाइल नंबर आहे आणि तोच १७ अक्षरी चॅसिस नंबर आहे. कंपनीकडे कुठल्या चॅसिस नंबरची दुरुस्ती बाकी आहे त्याची यादी आहे. दोन टेबलं, दोन्हीकडे एकच की. आमच्याकडे कॉलेजमधून नुकताच आलेला पोरगासुद्धा ही दोन टेबलं जोडणारी क्वेरी चहा गार व्हायच्या आत लिहून देईल. एमपरिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपतं, चलान किती थकलंय, सगळं दिसतं. मी माझ्या गाडीचा नंबर टाकून रिकॉलचा रकाना शोधला. मला तरी सापडला नाही. पाचशे रुपयांचं चलान सरकारला आठवतं, एअरबॅग नाही आठवत.

कायदा नाही म्हणावं तर तोही आहे. पूर्वी सगळा कंपन्यांचा स्वखुशीचा मामला होता. 'सियाम' या वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता जुलै २०१२पासून आली. मग २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ घातलं गेलं आणि सदोष गाड्या परत मागवायचा आदेश द्यायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले, १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद झाली. फार चांगलं. पण हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते. आणि आपण मध्यमवर्गीय सेकंडहँड एसयूव्ही घेतो ती किती वर्षांची? बहुतेक वेळा जिथे कायदा हात सोडतो, तिथेच आपण हात धरतो. शिवाय टाकाटासारखा दोष वयाबरोबरच वाढतो. नव्या गाडीत तो झोपलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० भरतोच आपण. त्याच वेळी सिस्टीमने त्या चॅसिस नंबरवरचे बाकी रिकॉल दाखवावेत आणि नव्या मालकाला एसएमएस जावा. दरवर्षी विम्याच्या नूतनीकरणाला पुन्हा तेच. आणि १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं, तर त्या अधिकारपत्राच्या अटींत एक ओळ वाढवा: बाकी रिकॉल गिऱ्हाइकाला लेखी सांगितल्याशिवाय गाडी विकायची नाही.

यावर एका मित्राने दोन आक्षेप घेतले, आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला: पार्टच मिळाला नाही तर माणसाची गाडी विकायची अडेल, त्यात त्याचा काय दोष? बरोबर आहे. म्हणून मी व्यवहार अडवा म्हणत नाही, सांगा म्हणतो. जपानने मे २०१८पासून टाकाटाचा इन्फ्लेटर न बदललेल्या काही गाड्यांना सक्तीच्या फिटनेस तपासणीत पास करणंच बंद केलं. आपण लगेच तिथवर जायला नको. पण अमेरिकेत २०१४पासून कुणीही चॅसिस नंबर टाकून गाडीचे बाकी रिकॉल फुकट पाहू शकतो. तेवढं तर जमेल? दुसरा आक्षेप: मालकांची माहिती कंपन्यांना दिली तर सकाळ-संध्याकाळ जाहिरातींचे फोन येतील. हेही खरं. वाहनचा डेटा घाऊक विकण्याचं धोरण सरकारने २०२०मध्ये गोपनीयतेच्याच कारणावरून गुंडाळलं, ते योग्यच झालं. पण इथे माहिती बाहेर जायची गरजच नाही. कंपनीने चॅसिस नंबरांची यादी सरकारला द्यावी, निरोप सरकारने पाठवावा. बस.

हे होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्याकडे सेकंडहँड गाडी आहे त्यांनी आजच आरसी काढा, चॅसिस नंबर बघा आणि कंपनीच्या वेबसाइटवर किंवा हेल्पलाइनवर रिकॉल विचारा. सियामच्या वेबसाइटवर कंपनीवार यादी आहे, तीही चाळा. काही बाकी निघालं तर दुरुस्ती फुकट होते, मालक कितवाही असो. काही नाही निघालं तरी सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर घालून घ्या, म्हणजे पुढचं पत्र तरी घरी येईल. आणि गाडी विकणाऱ्यांनो, आलेलं पत्र किल्लीबरोबर पुढच्या माणसाच्या हातात द्या. त्याला एक रुपया लागत नाही.

आमचा पार्ट यायला तीन आठवडे लागले. बसवायला दीड तास. बिल शून्य रुपये. काल संध्याकाळी बायको पुन्हा पुढे बसली, लेक मागे तिच्या स्वतःच्या सीटमध्ये, थोडी रुसून. गेटवर वॉचमन म्हणाला, "काय साहेब, ओला बंद?"

म्हटलं, बंद :-)