टीव्हीवरचा गोल्फ आणि आपलं गेट



नोकरीची पहिली पंधरा वर्षं गोल्फ म्हणजे माझ्यासाठी फटीग होती. टूर्नामेंट आली की आम्ही वीस-पंचवीस जण गवत काढायला, चुना मारायला, तंबू ठोकायला. एकदा तर अख्खा दिवस झुडपांत हरवलेले चेंडू शोधले होते. खेळ कसा चालतो हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. साहेब लोकांचा खेळ, विषय संपला.

तो खेळ मी पहिल्यांदा नीट पाहिला तो बंगळुरूच्या पोस्टिंगवर, फॅमिली क्वार्टरमधल्या टीव्हीवर. तारीख ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक ही बंगळुरूचीच मुलगी तीन फेऱ्यांनंतर दुसऱ्या नंबरावर होती. जागतिक क्रमवारीत २००वी, आणि पुढे नेली कोर्डासारखी अव्वल खेळाडू. अदितीची बॅग उचलायला कोण, तर तिची आई. हे ऐकून आमच्या घरातली आईसुद्धा पहाटे चहा ठेवून टीव्हीसमोर बसली. पाचवीतली मुलगी आधीच उठलेली. सात वाजेपर्यंत शेजारचे दोन हवालदार आपापले कप घेऊन आले.

पहिला अर्धा तास कोणालाच काही कळेना. क्रिकेटमध्ये एक चेंडू, एक बॅट, सगळं डोळ्यासमोर. इथे एकाच वेळी बायका वेगवेगळ्या होलवर खेळताहेत आणि कॅमेरा ह्या टेकाडावरून त्या टेकाडावर उड्या मारतोय. पांढरा चेंडू ढगात जातो आणि दिसेनासा होतो. आकडे उणे, आणि जितके जास्त उणे तितकं चांगलं. 'बंकर' म्हटल्यावर आम्ही सगळेच हसलो. आमचा बंकर जीव वाचवायला असतो, ह्यांच्या बंकरमध्ये गेलं की नुकसान.

पण एकदा पार म्हणजे काय ते कळलं, की त्या होलला इतके फटके अपेक्षित, त्यापेक्षा कमी मारले तर कमाई, तेव्हा बघणं बदललं. ग्रीनवर अदिती गुडघ्यांत वाकून उतार बघायची. फायरिंग रेंजवर वाऱ्याचा अंदाज घेणारा माणूस असाच थांबतो. इतर खेळाडू तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारत होत्या. त्याच वर्षी तिला कोविड झाला होता, ताकद कमी झाली होती. ती भरपाई ती पटवर करत होती, म्हणजे शेवटच्या काही फुटांत. टीव्हीवर हीच गोष्ट सगळ्यात चांगली दिसते. मैदानावर दोरीबाहेर उभं राहून एवढ्या जवळून कोणाला दिसत असेल?

मग सतराव्या होलपाशी वीज-पाऊस आला आणि खेळ थांबला. आदल्या दिवसापासून सगळीकडे एकच चर्चा होती, वादळामुळे शेवटची फेरी पूर्ण झाली नाही तर तीन फेऱ्यांचे गुण धरणार. म्हणजे अदितीला रौप्य. शेजारच्या हवालदाराने सरळ हात जोडले, "पड रे बाबा, दिवसभर पड." खोटं कशाला बोलू, मीही मनात तेच म्हणत होतो. पाऊणएक तासाने पाऊस थांबला आणि ती मुलगी छत्रीखालून बाहेर येऊन परत खेळायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला मात्र जरा लाज वाटली. पुढची चौकी रिकामी होईल म्हणून धुकं मागणाऱ्यांतला मी नाही, असं मी वीस वर्षं सांगत आलोय.

शेवटच्या होलवरचा बर्डीचा लांब पट भोकाजवळून गेला. ६७, ६६, ६८, ६८. एकूण उणे १५. कोर्डा उणे १७, आणि मोने इनामी व लिडिया को उणे १६. एका फटक्याने पदक गेलं. त्याच संध्याकाळी राजपुताना रायफल्सच्या नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला, लाइनीत फटाके वाजले, आणि गोल्फ सगळ्यांच्या डोक्यातून निघून गेला. जाणारच. पण २०२४ ला पॅरिसमध्ये तीच अदिती २९व्या स्थानावर खेळत होती, तेव्हा आमच्या मनोरंजन कक्षात कोणी रिमोटसुद्धा हलवला नाही. टोकियोत आपल्या पुण्याचा उदयन मानेही पुरुषांत होता. तो ५६वा आला, म्हणून कॅमेरा त्याच्याकडे फारसा वळलाच नाही. पुढचे पाच-सहा दाखवायचे आणि बाकीचे जणू खेळतच नाहीत, हा टीव्हीचा दोष मला मान्य आहे.

पण "गोल्फ काय बघायचा, झोप येते" हे मला मान्य नाही. पाच दिवस कसोटी बघणाऱ्या माणसाने हे म्हणू नये. झोप येते कारण खेळ आपला वाटत नाही. आणि आपला वाटत नाही कारण तो आपल्याला जवळून कोणी बघू दिला नाही.

अदितीचंच घ्या. घरात कोणी गोल्फ खेळणारं नव्हतं. ती पाच वर्षांची असताना कुटुंब ज्या हॉटेलात नाश्ता करायचं, तिथून कर्नाटक गोल्फ असोसिएशनची ड्रायव्हिंग रेंज दिसायची. पोरीने बघितलं आणि विचारलं. सुरुवात एवढीच. त्याच बंगळुरूजवळ बिडदीला ईगलटनच्या कोर्सवर एक गावातला मुलगा लहानपणी चेंडू गोळा करायचा, चिक्करंगप्पा. पुढे त्याने देशातल्या व्यावसायिक टूरवर स्पर्धा जिंकल्या. त्यालाही आधी खेळ दिसला.

आणि आमच्या फौजेतली उदाहरणं तर आणखी जवळची. अनिर्बन लाहिरी पुण्यात जन्मला, वडील लष्करात डॉक्टर, त्यांच्याकडूनच तो खेळ शिकला. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो एका फटक्याने दुसरा आला. दीक्षा डागर ही कर्नलसाहेबांची मुलगी, ऐकू कमी येतं, डावखुरी. डेफलिंपिक्समध्ये सुवर्ण आणलं. दोघांचाही मला अभिमान आहे. पण यादी वाचताना एक गोष्ट टोचते. दोन्ही मुलं ऑफिसरांची. सुभेदाराचं, नायकाचं पोर त्यात का नसावं? हात तर तेच आहेत.

त्या शनिवारनंतरच्या रविवारी मुलगी मागे लागली, "पप्पा, खरं ग्रीन बघायचं." एका कोर्सच्या गेटवर गेलो. कुठल्या ते सांगत नाही. गेटवरचा जवान माझ्याच वयाचा, ओळखीचा. म्हणाला, "सुभेदार साहेब, तुम्ही कामाला आलात तर आत, पोरगी नाही." त्याचं काही चुकलं नाही, हुकूम तो हुकूम. आम्ही कुंपणाच्या जाळीतून दहा मिनिटं बघितलं. एक गवत कापायचं मशीन चाललं होतं, खेळणारं कोणी नव्हतं. ती म्हणाली, "टीव्हीवरच बरं दिसतं."

फौजेच्या मैदानांना कागदोपत्री 'पर्यावरण पार्क आणि ट्रेनिंग एरिया' म्हणतात. असू दे. पार्क आहे तर महिन्यातून एक रविवार जवानांच्या मुलांना आत घ्या आणि जुन्या चार क्लब त्यांच्या हातात द्या. कॅडीचं काम करणारी पोरंच त्यांना शिकवतील, त्यांना साहेबांपेक्षा जास्त येतं. आणि मोठ्या स्पर्धेची शेवटची फेरी मनोरंजन कक्षात लावा, एखाद्या समजणाऱ्याने शेजारी बसून सांगावं. खर्च शून्य.

आमचे काही निवृत्त बंधू म्हणतील, पेन्शनचे, कॅन्टीनचे प्रश्न पडलेत आणि ह्याला गोल्फ सुचतोय. प्रश्न आहेतच. पण पोरांना काय दिसावं हाही प्रश्नच आहे.

सध्याच्या ठिकाणी पुढच्या महिन्यात टूर्नामेंट आहे. फटीगची यादी आली, पंचवीस नावं. मी यादीसोबत अर्ज जोडलाय, की शेवटच्या दिवशी लाइनीतल्या मुलांना दोरीबाहेर उभं राहू द्यावं. उत्तर अजून आलेलं नाही.