टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर 'एसओएस' नको, घड्याळ हवं

दोन-तीन वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल काढून घरी सोडताना हातात जो कागद मिळतो, त्यावर अनेकदा पॅरासिटामॉलच्या नावापुढे तीन अक्षरं लिहिलेली असतात: एसओएस. म्हणजे 'गरज पडली तर द्या'. माझं स्पष्ट मत आहे की या ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस तरी ही तीन अक्षरं त्या कागदावर असूच नयेत.

कारण साधं आहे. गरज पडली हे ठरवणार कोण? दोन वर्षांचं मूल 'माझा घसा दुखतोय' असं सांगत नाही. ते दूध नाकारतं, लाळ गिळायची टाळतं, कान ओढतं, आईच्या मांडीवर गप्प पडून राहतं. घशातली वेदना कानात जाणवते, कारण दोन्हीकडची संवेदना नेणारी एक नस सामाईक आहे. पण घरचे म्हणतात, "रडत नाहीये ना, मग औषध कशाला?" गप्प बसलेलं मूल बरं आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात रडल्यानेही घसा दुखतो, म्हणून ते रडत नसतं.

पुढे काय होतं ते पाहा. दुखतं म्हणून मूल गिळत नाही. पाणी पोटात जात नाही म्हणून घसा कोरडा पडतो आणि आणखी दुखतो. बारा किलोच्या मुलाच्या अंगात पाण्याचा साठा तो किती! एक-दोन दिवसांत लघवी कमी होते आणि सलाईन लावायला पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, चुकलेलं असतं ते नंतरचं वेळापत्रक.

"दोन दिवसांत खेळायला लागेल"

हे वाक्य नातेवाईकच नव्हे, कधीकधी आम्ही डॉक्टरही सहज बोलून जातो. टॉन्सिलच्या जागी उघडी जखम असते आणि ती भरायला दहा ते चौदा दिवस लागतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणं उलट वाढूही शकतं. हे आधी सांगितलं नाही, तर नेमक्या त्याच वेळी औषध बंद झालेलं असतं.

"पेनकिलर वाईट, किडनी खराब होते"

योग्य मात्रेत, ठरावीक दिवस दिलेलं पॅरासिटामॉल मुलांसाठी सुरक्षित आहे. धोका आहे तो 'एक चमचा द्या' या हिशेबात. मात्रा वजनावर ठरते: साधारणपणे एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. आता बाटली पाहा. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर साडेसात मिलिलिटर लागतं; २५० असेल तर साडेतीनच्या आसपास. म्हणजे तोच एक चमचा एका बाटलीतून कमी पडतो आणि दुसरीतून जास्त होतो. म्हणून बाटली आणि वजन दोन्ही डॉक्टरांना दाखवा, मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि मोजायला सिरिंज वापरा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, ते सोबत देऊ नका.

आयबुप्रोफेनने रक्तस्राव होईल अशी भीती घातली जाते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही दोन्ही औषधं सुचवली आहेत. तरी ते तुमच्या सर्जनला विचारूनच द्या, आणि मूल पाणी पीत नसेल तर न विचारता मुळीच नको.

खरी भीती बाळगायची ती वेगळ्या औषधांची. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध देऊ नका. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार वेगाने बनतं आणि श्वास मंदावतो. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देण्यास मनाई केली. लहान वयात हे ऑपरेशन बहुधा झोपेत श्वास अडकतो म्हणूनच केलेलं असतं, त्यामुळे ही मुलं अधिक जोखमीची. ट्रामाडॉलही नको. निमेसुलाईड भारतात १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे. अ‍ॅस्पिरिनही नकोच.

"थंड देऊ नका, कफ होईल"

थंड पाणी, थंड दूध, दही यांनी जखम बिघडत नाही, उलट घशाला आराम पडतो. कोमट पेज आवडत असेल तर तीही चालेल. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने खायला द्या. मऊ भात, खिचडी, केळं, काहीही. पहिले काही दिवस कमी खाल्लं तरी चालेल, प्यायलं मात्र पाहिजे. लिंबू-संत्र्याचा रस झोंबतो आणि चकली-टोस्ट टोचतात, तेवढं टाळा.

"घशात पू झालाय"

टॉन्सिलच्या जागी दिसणारा पांढरट थर म्हणजे पू नव्हे. ती जखमेवरची ओली खपली आहे. तोंडाला वासही येतो. हे पाहून मनाने अँटिबायोटिक आणू नका आणि बोट किंवा कापूस घालून ती पुसू तर नकाच.

थांबू नका, लगेच निघा

ही खपली सुटते तेव्हा, म्हणजे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, रक्तस्राव होऊ शकतो. लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. झोपेत वारंवार आवंढे गिळत असेल, उलटीत लाल किंवा कॉफीसारखा रंग दिसला, तोंडातून ताजं रक्त आलं, तर 'थांबतंय का बघू' म्हणू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. श्वास घ्यायला त्रास, आठ तास लघवी न होणं किंवा मूल सुस्त पडणं हीही तातडीचीच कारणं. या दोन आठवड्यांत लांबचा प्रवास, गावची जत्रा, लग्न ठेवू नका.

घरी सोडण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी कागदावर मागा: वेदनाशामकाच्या वेळा आणि मिलिलिटर, ते किती दिवस द्यायचं, आणि रात्री फोन कुठे करायचा. हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नाही. एवढं सांगणं हे आमचं काम आहे. मग घरी आल्यावर मोबाईलवर सहा-सहा तासांचे गजर लावा. पहिले तीन-चार दिवस रात्रीचा डोसही चुकवू नका, मूल शांत झोपलेलं असलं तरी.