वाडा राहिला, परस गेले

जुन्या घरांना बरे दिवस आले आहेत. भिंतींना चुना लागतो, सागवानी खांबांना तेलपाणी होते, दाराशी माहितीची पाटी उभी राहते. मग अंदाजपत्रकात उरलेली रक्कम घराभोवती पसरते आणि सगळीकडे तेच उगवते: मेक्सिकन लॉन, कडेला पिवळ्या ड्युरांटाची कातरलेली रांग, दोन पाम, पेव्हर ब्लॉक आणि सेल्फीसाठी लाल अक्षरांत गावाचे नाव. घर कोणाचेही असो, परस ठेकेदाराचेच.

शनिवारवाड्यात हजारी कारंज्याचे दगडी कमळ अजून आहे, भोवती जोत्यांमधून हिरवळ. तुळशीबाग, हिराबाग, सारसबाग अशी नावे ज्या शहरात रुजली, तिथल्या पेशव्यांच्या वाड्याला ही हिरवळ ओळखीची वाटली असती का, कोण जाणे. तिचे मूळ दुसरीकडे आहे. ताजमहालाच्या मुघल बागेतली फळझाडे-फुलझाडे हटवून तिथे लॉन अंथरले गेले ते ब्रिटिश व्हाइसरॉय कर्झनच्या अमदानीत. साहेब गेला, पण त्याचे गवत आपण 'वारसा' म्हणून अजून कापतो आहोत. ऐतिहासिक बाग ही जिवंत वास्तू आहे आणि पुरेसा अभ्यास झाल्याशिवाय तिला हात लावू नये, असे सांगणारी फ्लॉरेन्सची सनद १९८१ ची. ती आपल्या सरकारी फायलींपर्यंत यायची आहे.

उद्या पनवेल-उरणच्या बाजूला, म्हणा जासईतच, एखादे जुने घर जतन करायचे ठरले तर? शेतकरी नेते दि. बा. पाटलांचे हे गाव. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये याच परिसरात लढा पेटला, पाच शेतकरी हुतात्मे झाले आणि जमीन परतीची साडेबारा टक्क्यांची योजना त्यातून आली. जमिनीचा तुकडा म्हणजे काय, हे या गावाला कोणी शिकवायला नको. इथल्या घराची बाग म्हणजे शोभेचा तुकडा नव्हेच. पुढे शेणाने सारवलेले अंगण, तिथेच भाताचे खळे, तिथेच सुकट वाळत घालायची आणि लग्नात हळदीचा मांडवही तिथेच. मागल्या दारी न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, दोरीवर चढलेले पडवळ, कुंपणाला शेवगा. पडवळ वाकडे वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधून सोडतात. पाहुण्याला घर कसे जगले हे कळायचे असेल, तर पाटीवरच्या चार परिच्छेदांपेक्षा तो लोंबता दगड दाखवावा.

तो दाखवला जाणार नाही, त्याचे कारण साधे आहे. लॉनला चौरस मीटरचा दर ठरलेला असतो, पडवळाच्या मांडवाला नसतो. शिवाय अळवाचे मोजमाप कसे घ्यायचे? उपाय खर्चिक नाही. नकाशा काढण्याआधी गावातल्या चार म्हाताऱ्यांना घराच्या मागे नेऊन काय कुठे होते ते विचारायचे, आणि निदान न्हाणीचे पाणी केळीच्या आळ्यात सोडायचे. सध्याच्या आराखड्यांत ते गटाराला जोडलेले असते, आणि मे महिन्यात लॉनसाठी टँकर येतो.